पिकात न घुसणारं जनावर

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीतून जे वाचे त्याला भाव नसे, आणि कडेच्या तुरीत रोही, रानडुकरं शिरत. कळंबजवळच्या आपल्या शेतात तुमचे आजोबा आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, आळीपाळीने राखणीला जात. जनावर दिसलं की मचाणावरून डबा वाजवायचा आणि आरोळी ठोकायची. आत्याआजीची आरोळी शेजारच्या गावापर्यंत जाई.

त्याच सुमारास तुमच्या बाबाला रत्नागिरीला नोकरी लागली. त्याने आम्हा तिघांना बोलावलं आणि काय पाहायचं ते विचारलं. मी देवळं सांगितली. आजोबा म्हणाले, "मले डॉल्फिन दाखव. पिकात न घुसणारं एक तरी जनावर पाह्यचं हाये."

होडीत आमच्यासोबत आणखी एक कुटुंब होतं. होडीवाल्याने निघतानाच बजावलं, की पाण्यात खायला टाकायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. डॉल्फिन दिसले की इंजिन बंद करून आपण लांबच थांबू. त्यांना वाटलं तर तेच जवळ येतील.

आत्याआजीने मला कोपराने ढोसलं. "वहिनी, जावई येऊन राह्यले काय?"

बऱ्याच वेळाने होडीवाल्याने इंजिन बंद केलं. सगळे पाण्याकडे टक लावून पाहू लागले. आजोबांच्या चष्म्यावर खारं पाणी उडालं होतं, म्हणून त्यांनी तो काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. तेवढ्यात होडीच्या अगदी जवळ एक काळी, ओली पाठ वर आली. तिच्यामागे दुसरी. आत्याआजी ताडकन उभी राहिली आणि गरजली, "हाऽऽड! हो हो होऽऽ!"

पाणी पुन्हा सपाट झालं. आजोबांनी चष्मा चढवला. "कुठं?"

आत्याआजी मटकन बसली. "दादा, हाकलले रे म्या. सवयीनं तोंडातून निघालं."

"ते बघा, तिकडे चालले! घ्या होडी त्यांच्या मागे!" दुसऱ्या कुटुंबातले गृहस्थ ओरडले.

"पाठी लागायचं नाही," होडीवाला म्हणाला.

"अहो, हे काका एवढ्या लांबून आले आणि यांनीच पाहिले नाहीत!"

मलाही तेच वाटत होतं. होडीवाल्याने आजोबांकडे पाहिलं. ते दूरच्या त्या दोन काळ्या ठिपक्यांकडे पाहायचा प्रयत्न करत होते.

"नका जाऊ," ते म्हणाले. "मागं लागल्यावर जनावर कसं पळते, ते म्या लय पाह्यलं हाये."

आम्ही थांबलो. पुन्हा काही आलं नाही.

परतताना आत्याआजी पदर तोंडाला लावून बसली होती. आजोबा तिच्याशेजारी सरकले. "रडतं कायले? सांग ना, कसे होते?"

"चकचक पाठ, दादा. नाहून निघालेल्या म्हशीवानी. पण शिंगं नाही."

"आन् डोळे?"

"डोळे नाही दिसले."

मग किनारा येईपर्यंत ती सांगत राहिली आणि ते विचारत राहिले.

घरी परतल्यावर शेजारची मंडळी ओट्यावर जमली. आजोबांनी सुरुवात केली, "नाहून निघालेल्या म्हशीवानी पाठ! एक डॉल्फिन असा वर आला..."

मी धसकून आत्याआजीकडे पाहिलं. कुणाची लहानशी थापही ती खपवून घेत नसे. ती सुपात तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन होते, दादा. तुह्यं ध्यान एकाकडंच होतं."