कणकेतली मूठ

मूठवाले काका हत्यारांच्या मुठी करायचे, आणि हाताच्या मापाबद्दल कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नसत. एरवी माणूस म्हणून ते फार भोळे होते. भाजीवाल्याने तिसऱ्यांदा किडके बटाटे गळ्यात मारले तरी "त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक आत किडा आहे ते" म्हणून घरी यायचे आणि बायकोचे टोमणे खायचे. पण एखादं गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं, "काका, माझा पंजा मोठा आहे, मूठ जरा जाड करा," की काका नुसती मान हलवत आणि ओल्या मातीची परात पुढे सरकवत.

"धरा."

"काय धरू?"

"हीच. हत्यार धरता तशी. उगाच देखणी धरू नका, काम चाललंय असं समजून धरा."

माणूस लाजत-हसत मातीचा गोळा दाबायचा. काका तो उजेडाला नेऊन खाली-वर करून बघायचे आणि मग भलतंच काहीतरी सांगायचे. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याने मनगट दुखतं म्हणून अख्खं कपाट औषधांनी भरलं होतं. त्याचा गोळा बघून काका म्हणाले, "मनगटाचं काही नाही, तुम्ही सगळा भार मधल्या बोटावर टाकताय." कात्रीच्या कडीला त्यांनी आतून चामडं लावून दिलं. तेव्हापासून तो शिंपी काकांचा शर्ट फुकट शिवायला बघतो आणि काका त्याला हाकलून देतात.

खुर्च्यांच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथे ते खुर्चीचे हात घासायचे. कारखाना बंद पडल्यावर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी आपला शिकंजा, कानशी आणि पटाश्या मांडल्या आणि हत्यारांच्या मुठी करायला घेतल्या. खोलीत पाऊल टाकलं की जवसाच्या तेलाचा वास यायचा आणि चपलेखाली भुसा चरचरायचा. घडीचे चाकू हा त्यांचा खास जिव्हाळ्याचा विषय. बाजारातला घडीचा चाकू म्हणजे दिसायला छान, गुळगुळीत आणि हात ओला झाला की निसटणारा. काका त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढायचे, नव्या लाकडाच्या जाडसर पट्ट्या बसवायचे, बोटांसाठी खोलगट जागा कोरायचे, अंगठ्याखाली बारीक रेघा ओढायचे, आणि पातं मिटताना कुठे घासत नाही ना ते पुन्हा पुन्हा बघायचे. असा चाकू हातात घेतला की माणूस गप्प व्हायचा. हे गप्प होणं काकांना मजुरीपेक्षा प्यारं होतं.

आता काकूंचं सांगायला हवं. काकू गावाबाहेरच्या नर्सरीत गुलाबाचे डोळे भरायच्या. म्हणजे चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, न फुटलेला कोंब, सालीसकट अलगद काढायचा, रानगुलाबाच्या खुंटावर उभी-आडवी चीर द्यायची, त्यात तो सरकवायचा आणि वरून पट्टी आवळायची. ऐकायला सोपं आहे. पण डोळा एका ओढीत निघाला पाहिजे. चाकू मध्ये थांबला किंवा थरथरला तर साल फाटते, आणि डोळा वाळून जातो. काकूंनी भरलेला डोळा सहसा वाया जात नसे. नर्सरीतल्या लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला त्यांची जागा होती, आणि तिथे दुसरं कुणी बसलं तर बाकीच्या बायका त्याला उठवायच्या.

एके दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, "अहो, माझा चाकू हातात फिरायला लागलाय. मूठ झिजली असेल. बदलून देता का?"

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. मालकीणबाई म्हणत होत्या, यंदा डोळे बरेच वाळतायत. असंच चाललं तर मला कुंड्यांना पाणी घालायला पाठवतील." हे त्यांनी पाण्याचा पेला उचलता उचलता, सहज सांगितल्यासारखं सांगितलं. पण काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्या टेबलाशिवाय ही बाई म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या रात्रीपासून ते कामाला लागले. जपून ठेवलेला गर्द तपकिरी लाकडाचा तुकडा त्यांनी बाहेर काढला. मातीची परात तिथेच शेजारी होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"माती नको दाबायला?" काकूंनी दारातून विचारलं.

"तुझ्यासाठी?" काका हसले. "अगं, तुझा हात मला पाठ आहे."

काकू क्षणभर थांबल्या आणि "बरं" म्हणून आत गेल्या.

मूठ अशी झाली की काका स्वतःच तिच्या प्रेमात पडले. चार बोटांना चार खोलगट जागा, अंगठ्याला हलकी बैठक, तेल पाजून आलेली चमक. काकूंनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "छान झाली हो." एवढंच. गप्प झाल्या खऱ्या, पण काकांना हवं तसं ते गप्प होणं नव्हतं. काकांनी आनंदात तिकडे कानाडोळा केला.

पुढच्याच आठवड्यात काकू डबा विसरून गेल्या. काका तो घेऊन नर्सरीत पोचले. आत शिरताना काकू त्यांना बाजूने दिसल्या, म्हणून हाक मारणार, इतक्यात काकूंनी चाकू तोंडाशी नेला. पातं त्यांनी दातांनी धरून उघडलं. आणि काकांच्या त्या देखण्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली होती, इकडून तिकडून, फुटक्या नळाला गुंडाळावी तशी.

काकूंनी फांदी धरली, चाकू ओढला. तो मध्येच अडखळला. साल फाटली. तो डोळा त्यांनी हळूच टेबलाखाली टाकला आणि कुणी बघत नाही ना म्हणून मान वळवली.

काका आले तसे परत फिरले. घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डबा हातातच आहे.

संध्याकाळी काकू भुकेने कावलेल्या आल्या. "डबा घेऊन आला होतात म्हणे, आणि तसेच गेलात? दारातून वळलात ते? मला टेबलावरच्या बायकांच्या डब्यातलं खावं लागलं!"

"तू माझ्या मुठीला ट्यूब गुंडाळलीस," काका म्हणाले. त्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं. "अख्खा बाजार माझ्या मुठींचं नाव काढतो, आणि घरची बाई ट्यूब गुंडाळते. आवडली नव्हती तर सांगायचं होतंस."

"आवडली नाही असं कोण म्हणालं?"

"मग चल, माती दाब. पुन्हा करतो."

"आता कशाला? हात भरेल मातीने, स्वयंपाक व्हायचाय," म्हणत काकू आत गेल्या, आणि कणीक भिजवल्याचा आवाज आला.

काका बाहेर धुसफुसत बसले. थोड्या वेळाने दारावर शेजारीण आली, काकू तिच्याशी बोलायला गेल्या. काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. कणकेचा गोळा परातीत उघडाच होता. आयुष्यभर लोकांचे गोळे बघितलेल्या माणसाची नजर त्यावर गेल्याशिवाय राहणार होती का?

अंगठ्याचा खळगा खोल होता. पहिल्या दोन बोटांचे ठसे होते. तिसऱ्या बोटाचा नुसता ओरखडा होता, आणि करंगळीचा ठसाच नव्हता. गोळ्याची एक बाजू तळहाताने रेटून रेटून चपटी झाली होती. ज्या बाईने तो मळला होता, तिची दोन बोटं मिटत नव्हती.

काका तिथेच पाटावर बसले. गेले कित्येक महिने पोळ्या एका बाजूला जाड होत होत्या. त्यावर ते रोज विनोद करायचे. "आज नकाशा कुठल्या देशाचा?" असं विचारून स्वतःच हसायचे, आणि काकूही हसायच्या. ते आठवून त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

काकू आत आल्या, गोळ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि समजल्या.

"हात दाखव," काका म्हणाले.

काकूंनी पदराआडून हात पुढे केला. पेरं सुजून गाठाळली होती. करंगळी आणि शेजारचं बोट आकड्यासारखी अर्धवट वाकून थांबली होती.

"अगं, मला सांगायचं नाहीस?"

"सांगणारच होते त्या दिवशी, मातीची परात बघून." काकू खाली बघत होत्या. "पण तुम्ही म्हणालात, हात पाठ आहे. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, राहू दे. एका तरी माणसाला तो हात होता तसा आठवतोय."

काकांनी तो हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग एकदम उठले, परसातल्या गुलाबाची एक काडी तोडून आणली, काकूंच्या डाव्या हातात दिली, उजव्या हातात कणकेचा गोळा दिला आणि म्हणाले, "ही फांदी. हा चाकू. डोळा काढ. देखणा काढू नकोस, दुखतंय तसाच काढ."

काकूंनी गोळ्यानेच डोळा काढल्यासारखं केलं, आणि त्यांची पकड कणकेत उमटली. काका गोळा दोन्ही हातांत जपून धरून खोलीकडे निघाले.

"अहो, कणीक! जेवायचं काय?"

"आज भात कर!"

दुसरी मूठ दिसायला भयानक झाली. एका बाजूला ती बटाट्यासारखी फुगलेली होती, म्हणजे तळहात तिच्यावर रेलेल. दोन बोटांनाच जागा होती. उरलेल्या दोन वाकड्या बोटांवर पकडीची जबाबदारीच नव्हती, ती चामड्याच्या एका पट्ट्यात निवांत पडून राहायची, आणि चाकू त्या पट्ट्याने हाताला धरून ठेवायचा. लाकूड काकांनी चमकवलं नाही, खरखरीत ठेवलं. पात्याच्या पाठीला अंगठ्याने लोटायला पितळेची छोटी गुंडी बसवली, म्हणजे उघडायला दात नकोत. तीनदा ती मूठ काकूंच्या हातात देऊन, तीनदा परत घेऊन त्यांनी घासली. शेवटच्या खेपेला काकूंनी ती धरली आणि बोलता बोलता थांबल्या. ते गप्प होणं काकांनी लगेच ओळखलं.

नर्सरीत मालकीणबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, पण वाळलेली रोपं विकत कोण घेणार? काकूंनी अंगठ्याने पातं उघडलं, फांदी धरली आणि चाकू ओढला. डोळा एका ओढीत निघून आला. मग दुसरा, तिसरा. मालकीणबाईंनी कुतूहलाने तो चाकू मागून घेतला, इकडून धरला, तिकडून धरला.

"धरायचा तरी कसा हो हा?"

"तुम्हाला नाही जमायचा," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातला तोरा आसपासच्या सगळ्या बायकांनी ऐकला. महिन्याभराने त्या खेपेचे डोळे फुटले, कोवळे लाल कोंब आले. पाणी घालण्याचा विषय मालकीणबाईंनी पुन्हा काढला नाही, आणि खिडकीकडची जागा काकूंचीच राहिली.

पहिली मूठ काकांच्या फळीवर आहे. विकत मागितली तर ते देत नाहीत. आणि जुनं गिऱ्हाईक जर लाडात येऊन म्हणालं, "काका, माझ्या हाताचं माप तर तुम्हाला ठाऊकच आहे," तर काका मातीची परात पुढे ढकलतात. "ठाऊक होतं. आता धरा."

दर हंगामाच्या सुरुवातीला घरी काकू कणीक भिजवतात, आणि कुणी न सांगता त्यातला एक गोळा मुठीत दाबून काकांपुढे ठेवतात. काका तो खिडकीशी नेऊन बघतात, चाकूची मूठ कुठे घासायची, कुठे भरायची ते ठरवतात, आणि गोळा परत देतात. मग त्याच्या पोळ्या होतात. त्या एका बाजूला जाड असतात. काका जाड बाजूपासून खायला सुरुवात करतात आणि काही बोलत नाहीत.