नाकातला भंडारा

दिनांक २१ जानेवारी २०२५, रुपये एक हजार आठशे चाळीस. चाचणीचे एवढे पैसे निंगव्वाने पदराच्या गाठीतून सोडून पूनमच्या हातावर ठेवले आणि विचारलं, "ह्यात कळंल न्हवं, नक्की काय झालंय ते?"

पूनम मंद्रूपची जनावरांची डॉक्टर. निंगव्वा अक्कलकोटकडून सून म्हणून आली, नवरा गेल्यावर शेळ्यांवरच संसार रेटला. शेळ्या मोजते त्या अजूनही कानडीत. आता दोन मेल्या होत्या आणि सहा मान ताणून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होत्या. पूनमने इंजेक्शनं दिली. पण बुळकांडीची साथ, फुप्फुसाचा पसरणारा रोग की साधा खोकला, हे नुसतं बघून सांगता येईना. तिने चार शेळ्यांच्या नाकांतून कापसाच्या काड्या फिरवल्या आणि बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथलं यंत्र रोगजंतूचा बारीकसा अंशही लाखो पटींनी वाढवून ओळखतं.

"निकाल येईपर्यंत कळप हलवायचा नाही, मावशी."

अडचण तिथेच होती. निंगव्वाचा दीर अजिनाथ शेजारीच खुंट्यांना जाळी बांधून केलेल्या वाड्यात शेळ्या ठेवायचा. दरवर्षी दोघांचा कळप वैरागकडे शेतात बसायला जायचा. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य आणि पैसे द्यायचे. शुक्रवारी निघायचं ठरलं होतं. रोग पसरणारा असला तर वाटेत सगळा कळप आजारी पडणार होता. साधा खोकला असला तर थांबून वर्षाची कमाई जाणार होती.

गुरुवारी पूनमचा फोन आला.

"मावशी, निकालच लागला नाही. चाचणी नीट झाल्याची एक खूण यंत्रात उमटावी लागते, ती चारींत उमटली नाही. काड्या पिवळ्या होत्या म्हणे. नाकात काय घातलं होतं?"

आजारी जनावराच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायची रीत होती. श्वास अडला म्हणून तिने तो नाकपुड्यांत चोळला होता.

"भंडारा," ती म्हणाली.

"हळदीनं चाचणी अडली असणार. बाकीच्या दोन आजारी शेळ्यांना लावलात?"

"न्हाय. तवर संपला हुता."

दुपारी पूनम आली, त्या दोघींच्या काड्या घेऊन गेली.

शुक्रवारी उजाडताच अजिनाथ जाळीच्या खुंट्या उपसू लागला. निंगव्वा समोर येऊन उभी राहिली.

"वैनी, बाजूला व्हा."

"निकाल येऊ द्या, भावजी."

"देवाचा भंडारा ज्या मशिनीला चालंना, तिच्यावर तुमचा इस्वास?"

"देवाकडं बोट दावू नका. नाकात घालणारा हात माजा हुता."

"वैरागवाले लगीच दुसरा कळप बोलवत्यात. तुमच्या काडीपायी माजं वरीस घालवू व्हय?"

"शेळ्याच गेल्या तर वरीस घिऊन काय करताय?"

त्याने आणखी एक खुंटी उपसली. निंगव्वा सुटलेल्या जाळीवर मांडी घालून बसली. तिला उठवायचं तर हाताला धरून उठवावं लागलं असतं, आणि थोरल्या भावजयीच्या अंगाला हात लावणं अजिनाथला जमणारं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या शेळ्यांतून कोरडा खोकला आला. एकदा, मग पुन्हा.

"धूळ हाय," अजिनाथ म्हणाला.

रात्रभर दव पडलं होतं, जमीन ओली होती. अजिनाथने खाली पाहिलं. मग दगड उचलून त्याने हातातली खुंटी परत ठोकली आणि वैरागला फोन लावला.

निकाल शनिवारी संध्याकाळी आला. दोन्ही काड्यांत फुप्फुसाच्या रोगाचे जंतू होते, बुळकांडी नव्हती. पूनमने औषध बदललं, खोकणाऱ्या शेळ्या लांब बांधायला लावल्या आणि अजिनाथच्या कळपालाही सुया टोचल्या. निंगव्वाच्या आणखी तीन शेळ्या गेल्या. अजिनाथची एक गेली, बाकीच्या वाचल्या.

वैरागची जागा दुसऱ्या कळपाला मिळाली. अजिनाथ वैनीशी अजून तुटकच बोलतो, पण त्याची शेळी शिंकली की आधी तिलाच हाक मारतो.

दुसऱ्या खेपेचा डबा आणि पार्सल यांचे दोनशे साठ रुपये पूनमने स्वतः भरले होते. निंगव्वाने ते अजून दिलेले नाहीत; पदराची गाठ रिकामीच आहे.