माफीचा नारळ

आमच्या पेडण्याकडच्या गावात दुपारी दोन ते चार कुत्रंसुद्धा भुंकत नाही. जेवून सगळे आडवे होतात. नेमकी तीच वेळ साधून माझ्या चुलतभावानं टँकर बोलावला आणि पर्यटकांना दिलेल्या खोल्यांची भरलेली संडासाची टाकी ओहोळात रिकामी केली. खाली झरीवर माझी थोरली बहीण, आमची आका, मिरच्यांना पाणी घालत होती. तिला आधी वास आला. वर चढून बघते तर हा पठ्ठ्या स्वतः पाइप धरून उभा.

तिच्या हाकेनं मी उठून धावलो. घरात नळ आला तरी आका प्यायचं पाणी त्या झरीवरूनच न्यायची. ओहोळाचं पाणी झरीच्या कुंडात शिरलं होतं; त्यात त्या दिवशी काय तरंगत होतं, ते सांगत नाही. पुढच्या बाजाराला तिनं मिरची आणि तांबडी भाजी मांडली. 'ती झरीवरची ना?' एवढं विचारून बायका पुढे जात होत्या. संध्याकाळी पाटी तशीच परत आली.

मी निवृत्त मास्तर. गावातले सगळे अर्ज मीच लिहितो. पंचायतीकडे आकाची तक्रार मी अगदी चवीनं लिहिली आणि तिची सही घेऊन देऊनही आलो. तशी चुलतभावाला घरची आठवण झाली. ओसरीवर येऊन रडला. रडण्यात तो लहानपणापासून पटाईत.

"दादा, घरची गजाल ती, घरातच मिटवया. पंचायत कित्याक? देवाकडे नारळ ठेवतंय, चूक कबूल करतंय."

मी विरघळलो. खरं सांगायचं तर क्षमा करणारा मोठा माणूस व्हायला मिळतंय, याचाच मला आनंद झाला होता. शिक्षेनं माणूस कोडगा होतो, क्षमेनं सुधारतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. टेबलावर छडी ठेवून सांगितलं, ही गोष्ट वेगळी.

आकाला सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माका तेचो दंड नको आनी तेचो नारळय नको. तेका सांग, खोरा घे आनी झर उपस. स्वताच्या हातान."

"उपसतलो," मी म्हटलं. "माझ्यावर सोड."

माझ्या शब्दावर तिनं तक्रार मागे घेतली. तो अर्जही मीच लिहिला.

सोमवारी देवळात नारळ ठेवला. चुलतभाऊ नवीन शर्ट घालून, हात जोडून, मान खाली घालून उभा. मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान कळत-नकळत जी चूक केली आसा, ती पोटात घाल रे म्हाराजा!" टँकर नकळत कसा रिकामा होतो, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्यात माझा आवाज खणखणीत होता, मास्तरचा. आका खांबाला टेकून उभी होती. माफ करणाऱ्यांपैकी एकाच्याही घशाखाली ते पाणी जात नव्हतं. जिच्या जात होतं तिला कोणी विचारलंच नाही. तरी आम्ही खोबरं चघळत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत घरी आलो. त्या थापा आठवल्या की स्वतःचीच किळस येते.

चार दिवसांनी झरीवर खोऱ्याचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, बघा, सुधारला! आकाला घेऊन मी ऐटीत गेलो. कुंडात गुडघाभर घाणीत बेळगावकडचा एक मजूर उभा होता. तोंडाला गमछा बांधलेला, पायात काही नाही. मालक कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला, हरमलच्या किनाऱ्यावर, नवीन पाहुणे आणायला.

आकानं मजुराला हात देऊन वर घेतलं. घरून नळाची कळशी आणून त्याचे पाय धुवायला लावले. "तू कित्याक रे? तुया केलंस काय?" तो ओशाळून हसला.

मग ती माझ्याकडे वळली. "अर्ज परत लिही."

"आका, आता देवासमोर मिटलं. गाव काय म्हणेल? पुन्हा उकरून काढायचं म्हणजे..."

"मिटला? मग तू उतर. तुया मिटवलंस ना?"

मी कुंडाकडे पाहिलं. पायजम्याकडे पाहिलं. कंबर दुखते, असं काहीतरी पुटपुटलो.

तिनं पदर खोचला, मजुराच्या हातातलं खोरं घेतलं आणि खाली उतरली. मी नाकाला रुमाल लावून काठावर उभा राहिलो.