बिंदुमाधवाच्या देशांना वास्तवाची बाधा

बिंदुमाधव हर्डीकर आठवड्याचे पाच दिवस प्रोजेक्ट मॅनेजर असतो, शनिवारी नवरा असतो आणि रविवारी दुपारी परमेश्वर असतो. पहिली दोन कामं तो जमेल तशी करतो. तिसऱ्यात मात्र त्याने कधी कुचराई केली नाही.

दर रविवारी इंदिरानगरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला जातो. त्यावरचा भूखंड कुठल्याच भूगोलात सापडणार नाही, कारण तो बिंदुमाधवाने स्वतः रंगवला आहे. खेळणाऱ्या प्रत्येकाचा त्यावर एकेक देश. ज्याचा देश त्याने राष्ट्रप्रमुखासारखं बोलायचं, कायदे करायचे, धरणं बांधायची, तह मोडायचे. आणि त्यातून पुढे काय घडलं ते सूत्रधाराने, म्हणजे बिंदुमाधवाने, सांगायचं. पाऊस त्याच्या हातात, पीक त्याच्या हातात, बंडाळी त्याच्या हातात. ऑफिसात त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत वरचा साहेब दुसऱ्याकडे वळतो. इथे मात्र तिघं शहाणी माणसं श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघतात. पुण्याहून बेंगळुरात येऊन त्याने कमावलेली खरी मालमत्ता एवढीच. फ्लॅट बँकेचा आहे.

तिघांपैकी श्रीवत्स हा वज्रभूमीचा हुकूमशहा. एरवी तो लोकांच्या घरी भाजी पोचवण्याचं ॲप काढून बसला आहे. त्याचं परराष्ट्र धोरण सोपं होतं.

"मी अणुबॉम्ब टाकतो."

"अरे, तुझ्या देशात अजून वीज नाही!"

"बरं. वीज आणली. आता टाकतो."

नयना नागपूरची, एका मोठ्या कंपनीच्या एचआरमध्ये. तिचा देश शांतिपूर. तिथे नोकरीवरून कुणाला काढत नसत, 'नव्या संधींसाठी मोकळं' करत. तिसरे बसवंतअण्णा. मूळ निपाणीकडचे, पण घराणं कधीचंच इथलं झालेलं. शिवाजीनगरात सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. त्यांनी मुद्दाम नकाशातला सगळ्यात छोटा तुकडा घेतला आणि त्याला स्वल्पदेश नाव दिलं. "देश स्वल्प असला की डोक्याला तापपण स्वल्प," हे त्यांचं राज्यशास्त्र.

असा सुखाचा संसार चालला होता. पण बिंदुमाधवाला एक दुःख कुरतडत होतं. हे खरं वाटत नाही! देश काय असे घडतात? चहा निवायच्या आत धरण बांधून होतं, बिस्किट संपायच्या आत साक्षरता पसरते. एका रविवारी त्याने जाहीर केलं, "आजपासून खेळ वास्तववादी होणार."

आणि झाला. प्रत्येक निर्णय आता आधी सचिवाकडे जाऊ लागला, तिथून अर्थखात्याकडे, तिथून मंत्र्याच्या मेहुण्याकडे. सचिव, अर्थखातं आणि मेहुणा या तिन्ही भूमिका बिंदुमाधवच करायचा. मेहुण्यासाठी त्याने खास घोगरा आवाज बसवला होता.

श्रीवत्सने सवयीने सैन्य पाठवलं.

"निघालं," बिंदुमाधव म्हणाला, "पण राजधानीबाहेर पडेना. रस्ता पाण्याच्या पाइपसाठी खणलाय."

"दुसऱ्या रस्त्याने ने."

"तो केबलवाल्यांनी खणलाय."

"रणगाडे आहेत ते, बिंदू! खड्ड्यातून जातात!"

"जातात ना. पण मधोमध गणपतीचा मांडव आहे. हात लावून दाखव."

श्रीवत्सने हात लावला नाही. हुकूमशहा झाला तरी त्याला पुन्हा निवडून यायचं होतं. वास्तववादात हुकूमशहांनाही निवडणुका असतात.

नयनाने प्लॅस्टिकवर बंदी घातली, तर व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, आणि बंदच्या घोषणा प्लॅस्टिकच्या फलकांवर छापल्या. बसवंतअण्णांची हालत तर सगळ्यात वाईट. "मी एक पूल मागितलो मर्दा, एक! ओढ्यावरचा! पूल मंजूर झाला म्हणतोस, आणि उद्घाटन कुणी करायचं यावरनं माझं मंत्रिमंडळ फुटलं? माझ्या देशात मंत्री किती, रे? दोघं!"

"दोघंच होते म्हणून उभी फूट पडली," बिंदुमाधव समाधानाने म्हणाला.

महिना-दीड महिन्यात भूखंडावर एक वीटही हलली नाही. बिंदुमाधव कृतार्थ झाला. त्याची बायको आसावरी हे सगळं आतल्या खोलीतून ऐकत होती. एकदा न राहवून तिने विचारलं, "अरे, या लोकांना खणलेले रस्ते आणि अडलेल्या फायली बाहेर फुकट मिळतात. त्यासाठी तुझ्याकडे कशाला येतील?"

"तुला खेळातलं कळत नाही."

"खेळातलं नाही कळत. माणसं जांभया देतायत ते कळतं."

बिंदुमाधवाने त्यावर उपाय काढला, तो म्हणजे आणखी एक नियम. ज्या सत्तेला जनता कंटाळेल ती सत्ता जाईल. कशी जाईल ते इतरांनी मांडायचं, आणि ते खऱ्यासारखं वाटलं तर सूत्रधाराने मान्य करायलाच हवं. श्रीवत्सची हुकूमशाही उलथावी एवढाच त्यामागे सद्हेतू होता. पण श्रीवत्सने त्याच दिवशी भलताच बार उडवला.

"जनता सूत्रधाराला कंटाळलीय. माझे रणगाडे तुझ्या खुर्चीला वेढा घालतात."

बिंदुमाधव तुच्छतेने हसला. "नामंजूर. खऱ्या जगात कुणाला इतकं सरळ काढत नाहीत, बाळा."

हे वाक्य नयनाने मान हलवत ऐकलं. तिचा पगारच त्या वाक्यावर चालतो.

पुढच्या रविवारी दार उघडलं तर तिघं एकदम आलेली, आणि श्रीवत्स चक्क इस्त्रीच्या कुडत्यात. "आज खेळाआधी एक छोटासा कार्यक्रम आहे," नयना म्हणाली. बिंदुमाधवाला सोफ्यावर मधोमध बसवण्यात आलं. बसवंतअण्णांनी पिशवीतून शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. पेढा श्रीवत्सने भरवला. नयना बोलायला उभी राहिली.

"ज्यांनी या भूखंडाला शून्यातून आकार दिला, त्यांच्या अनुभवाचा लाभ रोजच्या कारभारात अडकून न राहता अधिक व्यापक पातळीवर मिळावा, म्हणून आम्ही एकमताने त्यांना संस्थापक-मार्गदर्शक हे पद देत आहोत."

टाळ्या झाल्या. बिंदुमाधवाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत ऑफिसात कुणी त्याला साधं फूल दिलं नव्हतं. "धन्यवाद," तो म्हणाला, "मी याला पात्र आहे की नाही…" आणि बोलता बोलता त्याने पाहिलं, की नयना टेबलापाशी जाऊन त्याच्या खुर्चीवर बसली आहे.

"मार्गदर्शकाने करायचं काय?" त्याने विचारलं.

"मार्गदर्शन."

"कुणाला?"

"कुणी विचारलं तर त्याला."

शालीत त्याला घाम फुटला. "हे… हे बंड आहे!"

"आहे की," बसवंतअण्णा म्हणाले. "आता तूच सांग मर्दा, खरं वाटलं का नाही?"

तिघंही त्याच्या तोंडाकडे बघू लागली. आतल्या खोलीतला पंखा बंद झाला. आसावरी दारात येऊन उभी होती. अजून एका शब्दापुरता सूत्रधार तोच होता. नाही म्हटलं की खुर्ची त्याची. उद्या ऑफिस होतंच. तिथे त्याचं वाक्य कुणी पुरं ऐकणार नव्हतं. बिंदुमाधवाने नारळाच्या शेंडीवरून हात फिरवला. ना गोळी झाडली, ना आवाज चढला. ज्याची सत्ता गेली त्याने पेढा खाऊन आभार मानले होते. एवढं अस्सल राजकारण त्याला स्वतःला आजवर एकदाही रचता आलं नव्हतं. खोटं कसं बोलणार?

"वाटलं," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, आणि तो मेहुण्याचा नव्हता.

नयनाने त्याला नकाशाच्या कोपऱ्यातला एक दलदलीचा तुकडा काढून दिला. शाल तशीच ठेवून राष्ट्रप्रमुख बिंदुमाधव खेळाडूंच्या बाजूला बसला आणि पडेल आवाजात म्हणाला, "मला समुद्रापर्यंत रस्ता हवा."

"सरी," नयना इथल्या कानडीत 'बरं' म्हणाली. "झाला."

"झाला? असा कसा झाला? भूसंपादन? हरकती? न्यायालयातली स्थगिती?"

"झाला म्हटलं ना."

तो नकाशावर वाकला. मग त्याने हळूच विचारलं, "किती रुंद?"

"तुला हवा तेवढा."

आसावरीने जेवायला हाक मारली, तोवर संस्थापक-मार्गदर्शकांनी त्या रस्त्यावरून फौज नेऊन अर्धी वज्रभूमी गिळली होती, आणि टेबलावर मूठ आपटत ते श्रीवत्सला तहाच्या अटी सांगत होते. अटी अत्यंत अवास्तव होत्या.