चंद्रभानचा डोंगा कोण चालवतं

आमच्या घरात मासोळी शिजत नाही. तरीही होळी झाली की आमचे हे दर रविवारी पहाटे साडेचारला गळाची पिशवी घेऊन निघतात, आणि माझ्या स्वयंपाकघरातली बडीशोप संपते, हिंगाची डबी हलकी होते. गळाला लावायचा चारा म्हणे त्याशिवाय होत नाही. ह्यांचे सोबती दोघे. एक वामनराव, कळमन्याचे संत्र्याचे व्यापारी, ते चाऱ्यात गूळ घालतात. दुसरा पियूष, बुटीबोरीच्या कारखान्यात ह्यांच्या हाताखाली आहे, तो केकमधलं व्हॅनिला घालतो. पकडलेली मासोळी तिघंही तिथेच वाटून टाकतात आणि दुपारी उन्हाने लाल होऊन घरी येऊन वरण-भात जेवतात.

मग जातात तरी कशाला, हे बघायला गेल्या एप्रिलमध्ये मी सोबत गेले. तिथे मला चंद्रभान भेटला.

रामटेकच्या पुढे मोहघाटचा तलाव आहे. नदी अडवून केलेला, चांगला मोठा. चंद्रभान तिथला ढिवर, म्हणजे मासेमार. वय साठीच्या अलीकडे, अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्याला दुपट्टा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. वर्षभर तो गावच्या मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यावर असतो. पण होळीपासून मिरगापर्यंत त्याचा लाकडी डोंगा नागपूरच्या शौकीन लोकांना भाड्याने मिळतो. तीस वर्षांपूर्वी बँकेतले कोणी साहेब तलावावर फिरायला आले, हौसेने त्याच्या डोंग्यात बसले, गळ टाकला आणि हातभर लांब मासोळी ओढता ओढता आनंदाने रडायला लागले. तेव्हा चंद्रभानला एक गोष्ट समजली, ती त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितली.

"शहरातल्या माणसाले मासोळी नाई पायजे, बाई. त्याले ओढ पायजे. मासोळी तर बाजारातबी भेटते."

ती ओढ कुठे मिळते हे ओळखणं, हा त्याचा धंदा. गर्मीत वरचं पाणी तापलं की मोठी मासोळी खाली जाते. आपण नाही का, मे महिन्यात सगळं घर सोडून कूलरच्या खोलीत गोळा होतो, तसंच. धरण होण्याआधी जी नदी होती, तिची धार अजून तलावाच्या तळाशी आहे. तिथे पाणी खोल आणि थंड. मिशावाली बोद नावाची मासोळी तिथे तळाला पोट टेकून पडून असते, म्हणून गळही शिसं लावून तळालाच टेकवायचा. पण एवढ्या पाण्यात ती धार सापडायची कशी? पाण्यावर रस्ता नसतो, काठावरच्या खुणा असतात. टेकडीवरच्या देवळाचा कळस गावच्या शाळेच्या छपरावर बरोबर बसला, आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी पिंपळाच्या मागून अर्धी बाहेर आली, की समजायचं, डोंगा धारेवर आला. तिथे दोराला बांधलेला दगड टाकून थांबायचं. दहा हात इकडे-तिकडे झालं तर दिवसभर नुसतं ऊन खाऊन यायचं.

त्या दिवशी डोंग्यात चंद्रभानची बायको तुळसाबाईही होती. ती आधी कधी यायची नाही, ती रामटेकच्या बाजारात मासोळी विकायची. या वर्षी मात्र होळीपासून रोज येऊ लागली होती. "भाऊलोकांले चहा-भाकर पायजे," असं तिचं म्हणणं. चहा एकदाच झाला, पण तोंड तिचं सारखं सुरू.

"पाय वं माय, आज देऊळ कसं शाळेमांगं लपून राहिलं," ती म्हणाली. चंद्रभानने वल्हं मारलं. "आता कसं डोकं काढलं पाय. आलं, आलं. बसलं छपरावर." चंद्रभानने वल्हं थांबवलं. "टाकी काही पिंपळाची पाठ सोडत नाई वं." त्याने डोंगा डावीकडे घेतला.

वामनराव कुरकुरले, "चंद्रभानभाऊ, बायकोले घरी ठेवत जा गा. एवढ्या बडबडीनं मासोळी भंडाऱ्याले पळून जाईन."

"तुमच्या घोरण्यानं नाई पळाली ते माह्या बोलण्यानं पळते का?" तुळसाबाई म्हणाली. सगळे हसले, चंद्रभानही हसला.

मी हसले नाही, कारण मी बघत होते. डोंगा वळायचा तो तिच्या बोलण्यानंतर, आधी कधीच नाही. चहा ओतताना चंद्रभानचं बोट कपाच्या आत होतं, चहा बोटाला लागला की तो थांबायचा. पियूषचा गुंतलेला गळ त्याने हातात घेतला आणि न बघताच बायकोकडे सरकवला. माझ्या सासऱ्यांचे मोतीबिंदू पिकले होते तेव्हा ते असंच करायचे.

परत आल्यावर पुरुष मंडळी गाडीत सामान भरत होती. तुळसाबाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुमी ओळखलं ना, बाई?"

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून धूर धूर दिसते म्हणत होते. आता उजेड दिसते, माणूस दिसते, पण काठावरचं काहीच नाई दिसत. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, आपरेशन करून टाका. पण महिनाभर पाण्यात जाऊ नका, धुळीत जाऊ नका, वाकू नका." तिने डोंग्याकडे बघितलं. "गर्मीचे तीनच महिने असते ना आमाले. ते काठावर बसले तर हे भाऊलोक पलीकडच्या घाटावर दुर्गेशच्या इंजिनच्या नावेवर जाईन. आन् एक डाव तिकडं बसले की पुढच्या वर्षी इकडं कोन येते? मिरग लागला की करतो आपरेशन. तवापर्यंत कोणाले सांगू नका."

"अहो, पण ह्यांना पोहता येत नाही."

"मले येते ना," ती म्हणाली.

घरी येताना गाडीत तेच माझ्या डोक्यात होतं. सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. तीन माणसांच्या जिवाची गोष्ट, आणि त्यातला एक नवरा आपला. पण मी तीन तास त्या बाईला बघितलं होतं. खुणा ती सांगत होती, वारा ती बघत होती, वल्हं फक्त त्याच्या हातात होतं. शेवटी मी ठरवलं की सांगायचं नाही, मात्र दर रविवारी सोबत जायचं. बुडाले तर निदान माझ्यासमोर बुडतील. ह्यांना वाटलं मला निसर्गाची गोडी लागली, त्यांनी मला एक टोपी आणून दिली.

पुढचे तीन रविवार मी दोघांचा संसार बघितला. तो तिला कधी "बरोबर का?" असं विचारायचा नाही. ती त्याला कधी "डावीकडे घ्या" म्हणायची नाही. देऊळ, शाळा, पिंपळ, टाकी हे जणू तिचे शेजारी होते आणि ती त्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती. मासोळी लागतही होती. ह्यांनी एका रविवारी दोन बोदा काढल्या आणि त्यांचे एवढे फोटो आणले की मुलीच्या बारशाचेही तेवढे नाहीत.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पियूषला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बोद लागली. पंधरा मिनिटं तो आणि ती मासोळी झुंजत होते. चंद्रभान त्याच्या मागे उभा राहून दोरीच्या आवाजावरून सांगत होता, "सोड थोडी. आता घे. घाई नको करू गा, ते थकून राहिली." मासोळी डोंग्यात आली तेव्हा दोघंही घामाने चिंब होते.

आपल्या खुणा ढिवर माणूस बाहेरच्याला सांगत नाही, बापाने मुलाला दाखवायच्या, बस. पण चंद्रभान त्या दिवशी फार खुशीत होता. पियूषने मोबाइल काढून म्हटलं, "काका, ही जागा मला लिहून घेऊ द्या." आणि चंद्रभानने हात लांब करून ऐटीत सांगितलं, "लिव्ह. ते भगवी टाकी दिसते ना? ते पिंपळाच्या अर्धी बाहेर पायजे."

पियूष बघत राहिला. "कोणती भगवी?"

"अरे, तेच एक टाकी तं आहे गावात."

"पण काका, ती तर निळी आहे."

तुळसाबाईने डोळे मिटून घेतले. रामनवमीच्या सुमाराला ग्रामपंचायतीने टाकी रंगवली होती. ती रोज टाकीचं नाव घ्यायची, पण रंग सांगायचं तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दिसणारी गोष्ट कोण सांगतं?

पियूषने चंद्रभानच्या तोंडासमोर हात धरला. "काका, किती बोटं?"

"हात खाली कर," हे म्हणाले. पण तोवर सगळ्यांना समजलं होतं.

वामनराव डोंग्याच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसले. "आमाले बुडवतं काहून गा तू? माह्या घरी लग्नाची पोरगी आहे."

"दोन महिने झाले, बुडवलं का?" तुळसाबाई म्हणाली. "होळीपासून डोंगा मीच चालवून राहिली. तुमी काढल्या तेवढ्या बोदा माह्या डोयावर काढल्या."

"तू गप्प राय वं," चंद्रभान म्हणाला. मग आवाजाच्या दिशेने वामनरावांकडे तोंड करून म्हणाला, "भाऊ, सांगाले पायजे होतं. मले वाटलं, तुमी पलीकडं जाल."

"जाणारच," पियूष म्हणाला.

तुळसाबाईने नवऱ्याच्या हातातून वल्हं घेतलं. त्याने ते दिलंही. ती मागे बसली आणि आम्हाला सरळ घाटाला घेऊन आली. डोंगा किनाऱ्याला इतका अलगद लागला की मासोळीच्या बादलीतलं पाणीसुद्धा हललं नाही. तेवढं वामनरावांनी बघितलं, असं मला वाटलं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला आंधळ्याच्या डोंग्यात बसवलंस?"

"चालवत तर डोळस होती. आणि मी शेजारी बसले होते."

"तू काय करणार होतीस? तुला तरी कुठे पोहता येतं?"

दोन दिवस हे माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी जेवताना आपणहूनच म्हणाले, "बाई वल्हं छान मारते हं." मग उठून त्यांनी चंद्रभानला फोन लावला. त्यांनी घातलेल्या अटी मी ऐकल्या. त्याने याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं. तो डोंग्यात बसणार नाही, डोंगा तुळसाबाई चालवेल. आणि अंगात घालायची तरंगती जाकिटं आम्ही आणू, ती सगळ्यांनी घालायची.

पलीकडून चंद्रभानचा आवाज मलाही ऐकू आला. "आन् मी का काठावर बसू? मी माणूस हाये का म्हैस?"

मग तुळसाबाईने फोन हातात घेतला असावा, कारण हे म्हणाले, "बरं, ठरलं मग."

एक रविवार दवाखान्यात गेला. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही घाटावर पोहोचलो. पियूष आला नव्हता, तो खरंच दुर्गेशकडे गेला. त्याला तिथेही मासोळी लागली आणि फोटो आले, ते सांगायला हवं. वामनराव आले होते, पण डोंग्यात बसेनात. जाकीट घालून काठावर उभे, पोट पुढे, संत्र्याच्या पेटीसारखे. चंद्रभान जांभळीखाली बाजेवर, काळा चष्मा लावून, पाण्याकडे पाठ करून बसला होता. रुसला होता.

"तुमी पहिले जाऊन या," वामनराव ह्यांना म्हणाले. "मी पाहतो इथून."

मी काठावरच थांबले. हे आणि तुळसाबाई गेले. तासाभराने दोघं हात हलवत परत. एकही मासोळी नाही. तुळसाबाईच्या हातात भाकरीचा रिकामा डबा होता, तो तिने चंद्रभानच्या मांडीवर ठेवला. आत कणकेचा चिखलाने माखलेला गोळा.

मी बारीक नजरेची म्हणवते, पण हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. खुणा जुळल्या की चंद्रभान दगड टाकण्याआधी दोराला बांधलेलं एक लोखंडी वजन खाली सोडायचा. वजनाच्या बुडाला कणीक थापलेली असायची. तळाचं जे असेल ते कणकेला चिकटून वर यायचं, आणि त्यावरून तो शेवटचे दहा हात ठरवायचा. मी त्याचे डोळे बघत राहिले आणि हात बघायचे राहूनच गेले. तुळसाबाईला खुणा येत होत्या, तळ येत नव्हता.

"देऊळ बसलं, टाकी आली, सारं बरोबर आलं," ती म्हणाली. "पण लागून नाई राहिली."

चंद्रभानने तिच्याकडे तोंड केलं, कणीक चिमटीत घेतली, अंगठ्याने रगडली, नाकाशी नेली.

"नुसता गाळ आहे हा. पाणी उतरलं ना वं. वरून खुणा बरोबर आहे, पण मासोळी आता धारेच्या मधात गेली, रेतीवर. देवळाकडं पंधरा हात घे आन् पुन्हा टाक. कणकेले रेती लागली पायजे, बारीक शिंपले लागले पायजे."

"आन् नाई लागले त?"

"त पुन्हा डबा घेऊन ये. मी कुठं चाललो?"

वामनराव दोघांकडे आळीपाळीने बघत होते. जाकिटाचा पट्टा त्यांनी एकदा ओढून पाहिला, चपला काढल्या आणि डोंग्यात पाय टाकला. डोंगा कलला. "हलू नका भाऊ, मधात बसा," तुळसाबाई म्हणाली, आणि ते मुकाट्याने मधे बसले. हे पुढे बसले. डोंगा निघाला.

"कुठवर गेली?" चंद्रभानने मला विचारलं. डाव्या डोळ्यातून त्याला आता बरंच दिसत होतं, पण डॉक्टरांनी उन्हात पाण्याकडे बघू नका म्हटलं होतं आणि तो ते इमानाने पाळत होता.

"अर्ध्यात आहे. आता थांबली. वजन सोडलं."

"वर काढलं का?"

"काढलं. बघते आहे." मी कपाळावर हात धरला. "तिने दगड टाकला."

चंद्रभानने बाजेवर पाय लांब केले आणि खर्र्याची पुडी उघडली.