नानाचं चौथं रिव्हॉल्व्हर

मंडळी, सांगलीच्या बंदूकवाल्याकडच्या बाकाला टेकायला पाठ नाही, ही गोष्ट अत्यंत खेदाने आपल्या कानावर घालतो. आज सकाळी दोन तास माझ्या कण्याने हा अन्याय सोसला.

निमित्त कुंडलच्या नानाचं. नाना माझा जुना दोस्त, पलटणीतला पेन्शनर. लढाई संपल्यापासून त्याने एकाच बनावटीची तीन लष्करी रिव्हॉल्व्हरं घेतली. आज चौथं घेतलं, त्यासाठी दुभती म्हैस विकली. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीत.

दुकानातून निघून चहाला बसलो. म्हटलं, "नाना, हात दोन आणि रिव्हॉल्व्हरं चार. एक तरी पटेल असं कारण सांग, आजचा चहा माझा."

"एक बिघडलं तर दुसऱ्याचं सामान बसतंय."

"बिघडायला तू चालवतोस कवा?"

 नानाने खिशातून पोराचं पत्र काढलं. पोरगा पलटणीत जमादार होता, ब्रह्मदेशातल्या लढाईत पडला. आपल्या रिव्हॉल्व्हरचा नंबर त्याने पत्रात लिहिला होता. हरवलं तर पगार कापतील, घरी टिपून ठेवा म्हणून.

"त्याचं घड्याळ आलं, पेटी आली. ह्ये न्हाई आलं."

"मग आज नंबर जुळला?"

"न्हाई. आधीच्या तिन्हींचाबी न्हाई."

"तरी घेतोस कशाला रं?"

"हातात घेतल्यावर परत कसं ठिवू गड्या? ह्येबी कुणाच्या तरी पोराचंच असंल की."

वहिनींना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना सांगावं का? मला कळत नाही, तुम्हीच सांगा.

मी उठलो आणि दोन्ही चहांचे पैसे देऊन आलो.