कोबॉल मला कुणी शिकवलं?

चौऱ्याऐंशी सालातला एक रविवार. अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या मित्राच्या, अरविंदच्या बेसमेंटमध्ये पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचं जेवण... आणि तिथे मी माझ्या नवऱ्यावर जितकी चिडले, तितकी आयुष्यात कुणावर चिडले नसेन.

आधी थोडं मागचं सांगते. मी नागपूरची, एम.ए. मराठी. लग्नाआधी तीन वर्षं कॉलेजात शिकवत होते. इथे आल्यावर ती डिग्री ऐकून लोक गालातल्या गालात हसायचे. एका काकांनी तर विचारलं होतं, "मग आता इथे कविता विकणार का?"

मुलगी शाळेत जायला लागली आणि मी कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या कोबॉलच्या क्लासला नाव नोंदवलं. तेव्हा ऑफिसांतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर हीच भाषा चालायची. माझ्या पहिल्या प्रोग्रामला शंभराच्या वर चुका आल्या... आणि सगळ्या एका विसरलेल्या पूर्णविरामामुळे! मला हसूच आलं. मुलांचे पेपर तपासताना तीन वर्षं मी दुसरं काय शोधत होते?

वर्षभराने एका इन्शुरन्स कंपनीत इंटरव्ह्यू झाला. कॅरल नावाच्या मॅनेजर बाईंनी दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्रामचं जाडजूड प्रिंटआउट हातात दिलं. म्हणाल्या, हा काय करतो ते वाचून सांग. मी अर्ध्या तासाने सांगितलं. शिवाय मधला एक परिच्छेद कधी चालतच नाही, तो काढून टाकला तरी चालेल, हेही सांगितलं... सोमवारपासून ये, म्हणाल्या.

आता तो रविवार. नोकरीला दोन महिने झाले होते. जेवणाची ताटं हातात घेऊन सगळे उभे, आणि अरविंद माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "मानलं यार तुला! मराठीवाल्या वहिनींकडून प्रोग्रामिंग करून घेतलंस!"

मी श्रीकांतकडे बघितलं. ते सिव्हिल इंजिनियर. पूल बांधणारा माणूस, कोबॉलची एक ओळ कधी पाहिलेली नाही... आणि ते चक्क हसून म्हणाले, "थोडंफार दाखवलं, बाकी तिनेच केलं."

थोडंफार दाखवलं!

गाडीत बसल्याबसल्या मी विचारलं, "अहो, कोबॉलच्या प्रोग्रामचे चार भाग असतात. नावं सांगा बघू."

श्रीकांतनी आरसा नीट केला.

"एक तरी सांगा. शिकवलंत ना मला?"

मागच्या सीटवरून सात वर्षांची लेक म्हणाली, "आई, आर यू मॅड ॲट बाबा?" मी म्हटलं, "हो."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा श्रीकांत म्हणाले, "सगळे बघत होते गं... नाही म्हटलं असतं तर म्हणाले असते, बायको पुढे गेली."

यावर माझा जो स्फोट झाला तो काय सांगू. कारण या माणसाने माझ्यासाठी काही केलं नव्हतं असं नाही. वर्षभर दर मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसातून धावत यायचं, बर्फ असो काही असो, मला कॉलेजला सोडायचं, घरी जाऊन खिचडी टाकायची, लेकीला भरवायचं, आणि क्लास सुटला की पुन्हा तिला गाडीत घालून मला घ्यायला यायचं... मला तेव्हा ड्रायव्हिंग येत नव्हतं. एकदाही कुरकुर केली नाही त्यांनी.

"मग ते सांगा ना!" मी म्हटलं. "ते सगळं श्रेय तुमचंच आहे, घ्या. पण खिचडी केली हे सांगायची लाज वाटते, आणि कोबॉल शिकवलं हे खोटं खपवून घेताना नाही वाटत?"

दोन दिवस आमच्यात "मीठ दे" एवढंच बोलणं झालं.

पुढच्या महिन्यात तीच मंडळी आमच्याकडे जेवायला होती. अरविंदनी पुन्हा तोच विषय काढला... "श्रीकांत, माझ्या बायकोचीही शिकवणी घे रे!" सगळे हसले.

श्रीकांत हातातला वाढायचा डाव खाली ठेवून म्हणाले, "अरविंद, मी त्या दिवशी खोटं बोललो. मला कोबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. दर मंगळवारी, गुरुवारी ती क्लासला जायची आणि मी घरी खिचडी करायचो. एवढंच केलं मी."

अरविंद खो खो हसले. "काय विनम्रपणा यार!" झालं. खोटं लगेच पटलं होतं, खरं मात्र जोक ठरलं.

मी तरातरा किचनमध्ये निघून आले. मागोमाग अरविंदची बायको सुनंदा आली. पुण्याची, इतिहासात बी.ए., फारशी न बोलणारी. दार लोटून घेऊन हळू आवाजात तिने विचारलं, "त्या क्लासला सायन्स नसलं तरी घेतात का?"

"घेतात," मी म्हटलं.

"आणि मंगळवारी, गुरुवारी मुलीला... श्रीकांतभावजी खरंच सांभाळायचे?"

"खरंच."

जानेवारीत तिने ॲडमिशन घेतली. घरी बरीच वादावादी झाली, पहिल्या सेमिस्टरला तिची मुलं आमच्याकडेच असायची. पुढे वीस-बावीस वर्षं तिने प्रोग्रामर म्हणून नोकरी केली, आणि माझ्यापेक्षा वरच्या पदावरून रिटायर झाली.

एवढी वर्षं झाली, त्या हसण्याचा राग काही गेलेला नाही... आणि जावा असं मला वाटतही नाही. पण भरल्या घरात माझा नवरा खरं बोलला तेव्हा एका बाईने ते खरं मानलं, याचं समाधान मात्र आजही आहे.